नाताळची गोधडी टोपी: आधी गोधडी शिवायची, मग टोपी कापायची

आमच्या वसईत नाताळ जवळ आला की बाजारात त्या लाल-पांढऱ्या सँटाच्या टोप्या लटकायला लागतात, पातळ, एका धुण्यात गोळे येणाऱ्या, आणि घातल्या की पोरांच्या कपाळाला खाज सुटते. चार वर्षांपूर्वी पोरांच्या कॅरल सिंगिंगसाठी मी ठरवलं की यंदा टोप्या घरीच शिवायच्या, तुकडे जोडून, आत पातळ थर घालून, वरून टीपा मारून, म्हणजे थोडक्यात डोक्यावरची गोधडी. पहिली टोपी इतकी छोटी झाली की ती शेवटी नारळाच्या तेलाच्या बरणीवर गेली. दुसरी टोकाला इतकी जाड झाली की सुई तुटली. तिसरीवर अर्ध्या बाजूचे सगळे रेनडिअर डोक्यावर उभे होते (ते कसं झालं ते पुढे सांगते). चौथी जमली. तेव्हा या तीन टोप्यांचं कापड तुमचं वाचावं म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

साधं मशीन चालवता येत असेल, म्हणजे सरळ टीप मारता येत असेल, तर एवढ्यावर जमतं. ब्लाउज शिवता यायची गरज नाही. पायमशीन, हातमशीन, मोटरचं, काहीही चालेल. मशीनच नसेल तर पूर्ण हातानेही होते, फक्त दोनाच्या जागी आठ संध्याकाळी धरा.

खालचं सगळं माप 22 इंच डोक्याचं आहे. लहान मुलांसाठी काय बदलायचं ते पहिल्या पायरीत आहे.

काय काय लागेल

- सुती कापड, चार-पाच वेगवेगळी प्रिंट, प्रत्येकी पाव मीटर. 44 इंच पन्ह्याच्या (रुंदीच्या) पाव मीटरमधून 3 इंचाचे 42 चौकोन निघतात आणि एका टोपीला लागतात 56, म्हणजे चार प्रिंट घेतली तर बरोब्बर तीन टोप्या. एकाच टोपीसाठी पैसे घालवायचे नसतील तर चिंध्यांवर भागवा
- आतला फुगीर थर, रजईत घालतात ती पांढरी शीट, सगळ्यात पातळ मिळेल ती
- त्या शीटच्या खाली लावायला मऊ जुनं कापड, 24 बाय 22 इंच. जुनी सुती साडी बेस्ट
- अस्तराला अर्धा मीटर सुती कापड, साधं पॉपलीनही चालेल
- खालच्या पट्टीला पांढरं कापड, 25 इंच लांब 6 इंच रुंद
- गोंड्यासाठी पांढरी लोकर
- दोरा, 14 आणि 16 नंबरच्या सुया (16च्या दोन तरी ठेवा, एक तुटणारच), टाचण्या, सेफ्टी पिना, टेलरचा खडू, टेप, इस्त्री
- कापडाची कात्री आणि कागदाची कात्री, वेगवेगळ्या! कापडाच्या कात्रीने कोणी कागद कापताना दिसलं तर मी अजूनही ओरडते
- जुनी जाड लग्नपत्रिका एक, आणि पॅटर्नला वर्तमानपत्र

शीटबद्दल एक सावधगिरी. दुकानात जाऊन नुसतं "फोम द्या" म्हणालात तर तो पर्स आणि बॅगांत घालतात तो स्पंज फोम देतो, त्याची टोपी होते पण ती हेल्मेटसारखी उभी राहते, टोक काही खाली झुकत नाही. "रजईत घालायची पातळ शीट" असं मागा आणि हातात घेऊन दाबून बघा. आणि खरं सांगू का, मुंबई-वसईच्या डिसेंबरला तीही जास्तच होते, दुपारी मुलं घामाघूम होतात. इकडेच घालायची असेल तर मी आत शीटच्या ऐवजी जुन्या सुती साडीचे दोन थर घालते, आपल्या गोधडीत घालतात तसे. टोपी फुगीर कमी दिसते पण डोक्यावर राहते, मुलं काढून फेकत नाहीत. माझी बहीण टोरंटोला असते, तिच्या पोरांसाठी मात्र शीटच.

1. डोकं मोजा, अंदाज नको

टेप भुवयांच्या एक बोट वर, कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यात जास्त बाहेर येतं तिथून फिरवा. घट्ट ओढू नका. केसांचा अंबाडा किंवा दोन वेण्या घालूनच टोपी घालणार असाल तर तसंच मोजा.

माणूस हाताशी नसेल तर साधारण असं धरा: वर्षाचं बाळ 18 इंच, तीन ते पाच वर्षं 20, आठ-दहा वर्षं 21, बायका 22, पुरुष 23. पण हे फक्त परगावी पाठवायच्या टोपीसाठी, समोर डोकं असताना टेप काढायचा कंटाळा करू नका.

आता हिशोब. डोक्याच्या मापात दीड इंच मिळवा, त्याचे दोन भाग करा (टोपी दोन तुकड्यांची आहे), आणि प्रत्येक भागात मायेचा (शिवणीच्या बाहेर कडेला सोडतो त्या कापडाचा) अर्धा इंच टाका. 22 चं उदाहरण: 22 अधिक दीड म्हणजे साडेतेवीस, निम्मे पावणेबारा, अधिक अर्धा म्हणजे सव्वाबारा इंच. हा आकडा लिहून ठेवा, सहाव्या पायरीत लागेल. 20 इंचाच्या डोक्याला हाच आकडा सव्वाअकरा येतो.

दीड इंच जास्त का वाटतंय ना? कारण आत शीट आहे, अस्तर आहे, पट्टी आहे, हे सगळे थर आतल्या बाजूने जागा खातात. साध्या कापडाच्या टोपीला अर्धा इंच पुरतो. मी पहिल्या वेळी अर्धाच ठेवला होता. बरणी आठवा.

2. कापड धुवा, लाल तर दोनदा

नाताळ म्हटलं की लाल आणि पांढरं शेजारी शेजारी येणार, आणि लाल रंग जाणार नाही यावर विश्वास ठेवायचा नसतो. नवं लाल कापड आधी भिजवा, पिळा, मग ओलं असतानाच त्यावर पांढऱ्या रुमालाचा कोपरा घासा. रुमाल गुलाबी झाला तर परत धुवा. दोन-तीन धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड टोपीत नकोच, दुकानदार काहीही म्हणू दे. माझ्या जावेच्या टोपीची पांढरी पट्टी पहिल्याच धुण्यात अशी गुलाबी झाली की तिने ती पुढे वाढदिवसाची टोपी म्हणून खपवली.

धुण्याचं दुसरं कारण म्हणजे सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि चार कापडं चार प्रकारे आटतात. शिवल्यावर आटली तर टोपीला सुरकुत्या.

चिंध्या वापरणार असाल तर तुमच्या ब्लाउजवाल्या टेलरकडे एक पिशवी देऊन ठेवा, आठवड्यात भरून मिळते. पण त्यात सुती, सिल्क, टेरिकॉट सगळं मिसळलेलं असतं. ओळखायचं कसं, एक बारीक धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवा. सुती कागदासारखं जळतं आणि राख बोटांत चुरते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. टोपीत शक्यतो सुतीच, कारण एकत्र इस्त्री करायचीय आणि वितळणारा तुकडा इस्त्रीला चिकटला की ती संध्याकाळ गेली.

रंग लाल-हिरवेच पाहिजेत असं काही नाही हां. सँटाचा जो लाल कोटवाला चेहरा आपल्या डोक्यात बसलाय तो पक्का केला कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन संडब्लोम या चित्रकाराने 1931 पासून काढलेल्या चित्रांनी, लाल सँटा त्याआधीही होता म्हणा. आणि मूळ संत निकोलस तर मायराचे बिशप, म्हणजे आताच्या तुर्कस्तानातले, त्यांची आणि या गोंड्याच्या टोपीची कधी गाठ पडली नसणार. तेव्हा निळी-पांढरी करा, खणाच्या तुकड्यांची करा. माझी सगळ्यात लाडकी टोपी आहे ती आजेसासूबाईंच्या फाटलेल्या लाल चौकड्यांच्या लुगड्याची. चांगले राहिलेले भाग कापून घेतले आणि मध्ये साधे पांढरे चौकोन टाकले. ती टोपी सासूबाई दरवर्षी मागून घेतात आणि मिस्साहून (चर्चमधल्या प्रार्थनेहून) येईपर्यंत परत देत नाहीत.

3. चौकोन कापा

लग्नपत्रिकेतून बरोब्बर 3 बाय 3 इंचाचा चौकोन कापा. हा साचा. इस्त्री केलेल्या कापडाच्या उलट बाजूला साचा ठेवून खडूने रेघ मारा आणि रेघेवरून कापा. 56 हवेत, चार जास्तीचे कापून ठेवा.

दोन गोष्टी. साच्याची कड कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवा, तिरका कापलेला चौकोन शिवताना ताणतो आणि मग चौकोनाचा पतंग होतो. आणि वीस-पंचवीस चौकोनांनंतर साचा बदला, कारण खडू घासून घासून पुठ्ठ्याचे कोपरे झिजतात आणि शेवटचे चौकोन पहिल्यापेक्षा वेगळ्या मापाचे निघतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, मी मशीनला शिव्या घालत होते.

4. मांडा, फोटो काढा, जोडा

पलंगावर आडवे 8 आणि उभे 7 असे मांडा. गडद-फिकट नीट पसरलेत का ते नुसतं बघून कळत नाही, मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा, लगेच दिसतं की एका कोपऱ्यात सगळं काळं जमलंय. फोटोचा दुसरा फायदा असा की मधेच पोरगा पलंगावर उडी मारतो.

जोडताना 14 नंबरची सुई, माया पाव इंच. ही पाव इंच सगळीकडे सारखी यायला हवी, नाहीतर पुढे काहीच जुळत नाही. सुईपासून पाव इंच मोजून मशीनच्या पत्र्यावर रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड त्या पट्टीला घासत न्या. एका सुताने (इंचाच्या आठव्या भागाने) काय फरक पडतो असं वाटतं, पण माया एक सूत जास्त गेली तर दोन्ही बाजूंचा मिळून प्रत्येक जोडाला पाव इंच जातो, आडव्या ओळीत सात जोड आहेत, म्हणजे पावणेदोन इंच गायब!

आधी आठ-आठच्या सात ओळी शिवा. प्रत्येक ओळीला मागच्या बाजूला कागदाचा नंबर टाचून ठेवा. मग इस्त्री, आणि इस्त्री करताना पहिल्या ओळीच्या सगळ्या माया डावीकडे पाडा, दुसरीच्या उजवीकडे, तिसरीच्या परत डावीकडे. असं केलं की दोन ओळी एकमेकींना जोडताना माया एकमेकींत बसतात आणि चौकोनांचे कोपरे आपोआप जुळतात. सगळ्या एकाच बाजूला पाडल्या तर प्रत्येक कोपऱ्यावर गाठीसारखी जाडी येते आणि मशीन तिथे अडखळतं.

शेवटी तुमच्याकडे साधारण साडेवीस बाय अठरा इंचाचा पॅच असेल. अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी घाबरू नका, पुढे कापताना तेवढी जागा आहे.

5. आता गोधडी. आकार अजून कापायचा नाही!

इथे सगळे चुकतात. पॅटर्न दिसला की हात शिवशिवतात, आधी टोपीचा आकार कापला जातो आणि मग त्याच्यावर टीपा मारल्या जातात. टीप मारली की फुगीर थर दबतो, कापड आत ओढलं जातं आणि सगळा तुकडा आकसतो. पातळ शीटवर साडेवीसचे वीस होतात, जाड शीटवर एक इंच सहज जातो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही, मध्ये जास्त आणि कडेला कमी. मग दोन बाजू एकमेकींना जुळत नाहीत. म्हणून पूर्ण चौकोनी पॅचवर गोधडी करून टाका आणि आकार नंतर कापा.

खाली जुन्या साडीचं कापड पसरा, त्यावर शीट, त्यावर पॅच सुलट बाजू वर. खालचे दोन्ही थर पॅचपेक्षा चारी बाजूंनी दीड-दोन इंच मोठे हवेत. शीटखाली कापड न लावता शिवायचा शॉर्टकट मी करून पाहिलाय, मशीनचे खालचे दाते त्या शीटचे तंतू ओढून घेतात आणि बॉबिनच्या डब्यात कापूस भरतो.

मधून सुरुवात करून दर चार इंचांवर सेफ्टी पिना लावा, मधून कडेकडे हाताने सपाट करत. पिना नसतील तर लांब कच्चे टाके. मग सुई 16 नंबरची, टाका थोडा लांब करा, तीन मिलिमीटरच्या आसपास, आणि चौकोनांच्या कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या रेघा मारा. पहिली रेघ मधली, मग तिच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असं मधून बाहेर जा. एका कडेपासून सुरू करून दुसऱ्या कडेला गेलात तर कापड पुढे ढकललं जाऊन शेवटी मोठी चुणी पडते. मशीनचा दाब कमी करायचा स्क्रू वर असतो, तो थोडा सैल केला तर थर सरकत नाहीत.

हाताने करणार असाल तर धावदोरा, गोधडीसारखा. खरं तर हाताचीच जास्त छान दिसते, टाके थोडे वाकडे गेले तरी शोभतात. मशीनची वाकडी टीप मात्र वाकडीच दिसते.

रेघा आखायला खडूच वापरा. इस्त्री फिरवली की अदृश्य होणारी पेनं मिळतात, मला फार आवडायची, पण ती शाई कडाक्याच्या थंडीत परत उमटू शकते. टोरंटोला पाठवलेल्या पहिल्या टोपीचा फोटो जानेवारीत आला, भाचा बर्फात उभा आणि टोपीवर माझ्या सगळ्या रेघा, चुकून मारलेल्यासुद्धा.

आणि इथून पुढे इस्त्री जपून. शीट पॉलिस्टरची असते, कडक इस्त्रीने चपटी होते किंवा चिकटते. वरून ओलसर रुमाल ठेवून नुसती टेकवायची.

6. पॅटर्न काढा आणि कापा

टोपी म्हणजे दोन लांब त्रिकोण एवढंच, पण खालची बाजू सरळ नसते. सरळ कापली तर शिवल्यावर दोन्ही कानांपाशी टोपीचे कोपरे खाली लोंबतात, इंचभर. म्हणून गोलाई हवी.

वर्तमानपत्राच्या वरच्या कडेला मध्ये टाचणी रोवा, तिला दोरा बांधा, दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पेन्सिल, मध्ये अंतर 16 इंच. (लहान मुलांना 14 पुरे.) दोरा ताणून धरून खाली कमान काढा. टाचणीपासून सरळ खाली मधली रेघ मारा. आता पहिल्या पायरीतला आकडा घ्या, सव्वाबारा, त्याचे निम्मे म्हणजे सहा इंच एक सूत, आणि मधल्या रेघेपासून दोन्हीकडे टेप कमानीवरून वळवत तेवढं मोजून खुणा करा. खुणांपासून टाचणीपर्यंत दोन सरळ रेघा. झाला पॅटर्न. माया यातच धरलीय, वेगळी सोडू नका.

गोधडीवर पॅटर्न दोनदा बसवायचा, एक टोक वर करून आणि त्याच्या शेजारी दुसरा उलटा, टोक खाली करून. असे शेजारी शेजारी बसवले की वीस इंचांत दोन्ही मावतात.

आणि इथेच माझे रेनडिअर उलटे झाले. एक तुकडा उलटा कापला जातो ना, म्हणजे त्यावरची चित्रंही उलटी. झाडं, सँटा, अक्षरं असलेलं प्रिंट असेल तर मांडतानाच एका बाजूचे चौकोन उलटे मांडा, किंवा सरळ ठिपके-चौकडी-फुलं असली प्रिंट घ्या, ज्यांना वर-खाली नसतं. मी आता दुसरंच करते, डोक्याला ताप नाही.

कापण्याआधी एक काम: खडूने पॅटर्नची रेघ काढलीत की तिच्या आतून एक-दीड सूत अंतरावर मशीनची टीप मारून घ्या, पूर्ण आकाराभोवती. मगच कापा. कापताना आपण चौकोनांच्या टीपा मधेच तोडतो, त्या उसवायला लागतात, आणि तिरक्या कडा ताणून लांब होतात. ही एक टीप दोन्ही थांबवते.

त्याच पॅटर्नने अस्तराचेही दोन तुकडे कापा, पण खालून अर्धा इंच आणि दोन्ही कडांनी किंचित कमी. अस्तर बाहेरच्या एवढंच कापलं तर आत गोळा होऊन बसतं.

7. बाजू शिवा

दोन्ही तुकडे सुलटवर सुलट ठेवून, टाचण्या लावून, खालून वर टोकापर्यंत शिवा, मग दुसरी बाजूही खालून वर. टोकाला अगदी टोचणाऱ्या बिंदूपर्यंत जाऊ नका, तिथे दोन-तीन टाके आडवे मारून वळा.

आता कात्री घ्या आणि मायेच्या आतली शीट टिपेपर्यंत कापून काढा, नुसती शीट, कापड नाही. कंटाळवाणं आहे पण करा. टोकाला तर सगळंच बारीक करा, कारण तिथे चार थर कापड, दोन थर शीट आणि चौकोनांच्या माया असं सगळं एका जागी येतं. माझी सुई तिथेच तुटली आणि तुकडा गालाला लागून गेला, डोळ्याला लागला असता. जाड जागी पायडल मारायचंच नाही, हातचाकाने एकेक टाका घ्यायचा.

मग उलटवा. टोक बाहेर काढायला कात्री खुपसू नका, लाटण्याचं टोक किंवा बोथट पेन्सिल चालते. टोक टोकदार नाही आलं तरी हरकत नाही, तिथे गोंडा बसणार आहे.

अस्तराच्या बाजूही तशाच शिवा, पण ते उलटवायचं नाही.

8. अस्तर आणि पांढरी पट्टी

अस्तर टोपीच्या आत घाला, उलट बाजू उलट बाजूला. बाजूच्या शिवणी एकमेकींवर आणा. खालच्या कडा एकत्र करून कच्चे टाके घाला. अस्तर आखूड वाटेल, थोडं खाली ओढून घ्या, ते तसंच हवं.

आता टोपीचा खालचा घेर प्रत्यक्ष टेपने मोजा. कागदावरचा आकडा विसरा, टेप सांगेल तो खरा. त्यात मायेचा अर्धा इंच मिळवून तेवढी लांब आणि 6 इंच रुंद पांढरी पट्टी कापा. पट्टीची दोन टोकं जोडून गोल करा, मग लांबीतून दुमडा, सुलट बाजू बाहेर. म्हणजे 3 इंच रुंदीचं दुहेरी कडं तयार.

हे कडं टोपीच्या *आत* घाला, अस्तराला चिकटून, कच्च्या कडा टोपीच्या खालच्या कडेला जुळवून. कड्याचा जोड टोपीच्या मागच्या बाजूला ठेवा. टाचण्या लावा, पाव इंचापेक्षा जरा जास्त माया धरून गोल शिवा. मग कडं खाली ओढा आणि बाहेरून वर पलटा. सगळ्या माया कड्याखाली लपतात आणि आतून टोपी स्वच्छ. पहिल्यांदा मी कडं बाहेरून लावलं होतं, मग पलटल्यावर सगळे धागे आतून कपाळाला.

पट्टीला फरचं कापड लावायचं असेल तर दुहेरी करू नका, ते एकेरीच जाड असतं. त्याची वरची कड आत दुमडून हाताने टाचा. कापताना मागून नुसतं पाठीचं कापड कापायचं, केस कापायचे नाहीत, आणि हे गॅलरीत करा. घरात केलंत तर आठवडाभर आमटीत पांढरे केस. माझं मत विचाराल तर इकडच्या हवेला फर नकोच.

9. गोंडा

चार बोटांवर लोकर शंभर-सव्वाशे वेढे गुंडाळा. बोटांतून अलगद काढा, मध्ये पक्क्या दोऱ्याने करकचून बांधा, दोन्हीकडची वेटोळी कापा, फुलवा आणि कात्रीने गोल छाटा. छाटताना थांबता येत नाही, बघता बघता लिंबाएवढा उरतो, तेव्हा आधीच मोठा करा.

बांधलेल्या दोऱ्याचीच टोकं लांब ठेवा, ती सुईत ओवून टोपीच्या टोकातून आत न्या आणि अस्तरातूनही पार नेऊन एका बटणातून काढून गाठ मारा. बटण नसेल तर पोरं दुसऱ्या दिवशी गोंडा हातात आणून देतात. आत हात पोचत नसेल तर हे काम अस्तर घालायच्या आधी करा, मी आता तसंच करते.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या टोपीला घुंगरू, मणी, चमकी काही लावू नका. छान वाजतं, पण ते सुटतं आणि सरळ तोंडात जातं. बाळाला टोपी घालून झोपवूही नका, फोटो झाला की काढा.

कधी सुरू करायचं

आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या मध्ये येतो, मी त्या आठवड्यात कापड धुते. एका संध्याकाळी चौकोन, दुसरीला जोडणी, तिसरीला गोधडी, चौथीला बाकी सगळं. सरावाने दोन संध्याकाळीत होते. परदेशी पाठवायची असेल तर हे सगळं ऑक्टोबरमध्ये उरका. आणि 20 डिसेंबरनंतर नवी टोपी हातात घेऊच नका, तेव्हा घरात नेवऱ्या आणि कलकलांच्या फराळाचं पीठ सगळीकडे असतं, गोठा (येशूजन्माचा देखावा) अर्धा झालेला असतो, आणि मशीन ज्या टेबलावर आहे ते टेबलच कोणीतरी उचलून नेलेलं असतं.

धुताना थंड पाणी, हाताने, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि सावलीत स्टीलच्या डब्यावर किंवा मोठ्या बरणीवर घालून वाळवायची म्हणजे आकार राहतो. माझी पहिली टोपी त्यासाठी अजून बरणीवरच आहे, बाकीच्या तिच्यावर वाळतात.

उरलेले चौकोन टाकू नका. चार जोडले की गरम भांडं धरायचं फडकं होतं, फक्त त्यात पॉलिस्टरची शीट नको, जुनी साडीच घाला.